रोमान्स म्हणजे कादंबरी

आमच्या पोर्तुगीजमध्ये रोमान्स म्हणजे कादंबरी.
जाडजूड, स्टेशनबाहेर तीन युरोंना मिळते तसली,
आधीच्या मालकिणीनं तेराव्या पानावर सांडलेल्या कॉफीसकट.
लफडं म्हणजेही रोमान्सच,
पण त्या अर्थानं तो शब्द आई दार लावून घेऊन वापरायची.

मी रात्रपाळीला वाचते.
खाली ऱ्हाइन, इथं अजून ओढ्याएवढाच.
खोली सतरा: प्लात्सी काथोमास,
वय एक्क्याऐंशी, उजवी बाजू गेलेली.
झटक्यानं त्याची जर्मनही नेली.
चाळीस वर्षं सिमेंटच्या कारखान्यात, बँकेत, सुनेशी
बोललेली भाषा
एका सकाळी कवळीसारखी निघून आली.
उरली ती आईची बोली,
गवताची, गाईंची, शेजाऱ्याला शिव्या घालण्याची.
दिवसपाळीच्या बाईंनी तक्त्यावर लिहिलं:
'बोलणं अगम्य.'

अगम्य कसलं?
पहिल्याच रात्री तो म्हणाला, 'माउन.'
आमचं 'मांव.' मी हात दिला.
म्हणाला, 'पाउन.' मी पाव आणला.
मीठ तर दोघांचंही 'साल'.
दोन बहिणी लांब लांब दिलेल्या,
एक बर्फात, एक समुद्राकाठी,
आणि नाकावरून ओळख पटावी, तसं.
फक्त चंद्रापाशी अडलं.
तो 'ल्यिना, ल्यिना' म्हणत राहिला,
मी चादर आणली, पाणी आणलं, भांडं आणलं,
शेवटी त्यानं डावं बोट खिडकीकडे केलं
आणि माझ्या अज्ञानाला हसला.

बार्ला संध्याकाळच्या पिवळ्या बसनं येते.
त्याची नखं कापते, रुमालात बांधून घरी नेते.
का, ते मी विचारलेलं नाही.
जानेवारीत एकदा रस्ता बंद झाला, ती राहिली.
माझ्या मांडीकडे बघून म्हणाली, काय गं ते, इव्होनी?
'रुमांस,' मी म्हणाले.
'रोमोंच?' तिची विणकामाची सुई थांबली.
'आमच्या भाषेत? एवढं जाड?'

खरं सांगता आलं असतं.
मी मान हलवली.
'मग मोठ्यानं वाच. यालाही ऐकू दे.'

वाचलं. मिठागरावरची विधवा, दीपगृहाचा रखवालदार
आणि मध्ये तीनशे पानांचा गैरसमज.
बार्ला माझे उच्चार सुधारत होती.
'कुठल्या खोऱ्यातली गं ही बोली? फार खालची?'
फार खालची, म्हटलं. शेवटी समुद्र लागतो तिथली.

चुंबनाशी आल्यावर मी दोन पानं एकदम उलटली.
'गाळलंस,' ती म्हणाली.
'टाका गळला की मला कळतो.'
मागे गेले. वाचलं.
आवाज घोगरा झाला तो माझ्याच कारणानं:
अमील्कार फोनवर हल्ली फक्त बॉयलरचं बोलतो.

'हा असलं कधी बोलला नाही,' बार्ला म्हणाली.
'आमच्यात प्रेम वगैरे म्हणत नाहीत.
म्हणायचंच तर म्हणतात, तू मला बुजेन आहेस,
आवडीनं आहेस. बस.
गाईलाही चालतं तेच.'

प्लात्सीचं तोंड वाकडं हललं.
'बुजेन' म्हणाला असेल.
किंवा पाणी मागितलं असेल, तेही ब-नंच सुरू होतं.
बार्लानं त्याची बाही वर केली.
लुळ्या हातावर रोमांच.
'गारठलाय,' ती म्हणाली,
आणि आधीच बंद असलेली खिडकी
पुन्हा एकदा लावून आली.

सकाळी सहाला तक्ता भरला.
झोप दोन तास. लघवी एकदा. पाणी अर्धा पेला.
'अगम्य'वर रेघ मारली,
वर काय लिहावं
ते जर्मनमध्ये सुचेना.